लगाम ओढला की घोडा मान का झटकतो? योग्य लगाम शोधायचा कसा?

नृसिंहवाडी म्हटलं की कृष्णा-पंचगंगेचा संगम, दत्ताचं देऊळ आणि कवठाची बर्फी आठवते. पण वाडी ज्या शिरोळ तालुक्यात येते, त्या भागात आणि शेजारच्या सांगली-मिरज पट्ट्यात घोडागाडी शर्यतींचंही जबरदस्त वेड आहे. या शर्यतींचे रील्स तुम्हीही पाहिले असतील. घोडा मान वर करून, तोंड वासून पळतोय आणि खाली कमेंट, "काय जोश आहे!"

पण दरवेळी तो जोशच असतो असं नाही. लगाम ओढल्यावर मान झटकणं, तोंड उघडं ठेवणं, जीभ बाहेर काढणं किंवा हनुवटी छातीला टेकवणं, ही तोंड दुखत असल्याची खूण असू शकते.

लगाम नेमका कुठे लागतो?

घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये एक मोकळी जागा असते. लगामाची लोखंडी दांडी, म्हणजे बिट, तिथे जिभेवर आणि हिरडीवर बसते. या हिरडीवर पातळ कातडी असते आणि तिच्या खाली लगेच हाड. त्यामुळे जोराचा हिसका बसला की थेट हाडापर्यंत कळ जाते.

फिनलंडमध्ये शर्यतीच्या 261 घोड्यांची तोंडं शर्यतीनंतर तपासण्यात आली. 2019 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. 84 टक्के घोड्यांच्या तोंडात बिटच्या जागी ताज्या जखमा होत्या. बाहेरून रक्त दिसलं ते मोजक्याच घोड्यांना. म्हणजे तोंड उघडून पाहिल्याशिवाय दुखणं कळतच नाही.

घोडं नेमकं कुठे पेंड खातं?

घोडा ऐकत नाही म्हटल्यावर अनेकजण आणखी कडक लगाम आणतात. इथेच चुकतं. दुखण्यापासून पळणं हा घोड्याचा स्वभाव आहे. दुखणं वाढलं की तो थांबण्याऐवजी उधळू शकतो. गर्दीच्या रस्त्यावर हे गाडीवान आणि बघे, दोघांच्याही जिवावर बेतू शकतं.

म्हणून नवीन लगाम घेण्याआधी पशुवैद्यकाकडून तोंड तपासून घ्यायला हवं. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि दाढांच्या कडा धारदार होऊन गाल, जीभ कापतात. त्या कानशीने घासून घेता येतात. काही घोड्यांना दाढांच्या पुढे एक छोटा जादा दात असतो, त्यालाही बिट लागतं. जखम असेल तर ती भरेपर्यंत तोंडात लोखंड नकोच.

मग बिट निवडायचं कसं?

*रुंदी :* अरुंद बिट ओठ चिमटतं, फार रुंद बिट इकडेतिकडे सरकतं. फिरत्या कड्यांच्या बिटमध्ये दोन्ही बाजूंना साधारण अर्धा सेंटीमीटर जागा सुटली की माप बरोबर.

*जाडी :* जाड बिट म्हणजे मऊ, हे अर्धसत्य आहे. जाड दांडीचा दाब पसरतो हे खरं, पण लहान तोंडात मग जिभेलाच जागा उरत नाही. बारीक तार मात्र थेट रुतते.

*प्रकार :* बाजूला लांब दांड्या आणि हनुवटीखाली साखळी असलेला लगाम तरफेसारखं काम करतो. हाताची थोडी ओढ तोंडात कितीतरी वाढून पोचते. लगामाला विरोध करणाऱ्या घोड्याला आधी साधं, गुळगुळीत बिट लावून बघावं. एका सांध्याचं टोचत असेल तर दोन सांध्यांचं किंवा सरळ दांडीचं. तेही चालत नसेल तर म्होरकीसारखा, नाकावर दाब देणारा बिनबिटचा लगाम हा पर्याय आहे.

*बसवणं :* बिट ओठांच्या कोपऱ्याला टेकलं पाहिजे, पण कोपरे वर ताणले जाता कामा नयेत. गंजलेलं किंवा झिजून धार आलेलं बिट सरळ फेकून द्यावं.

चाचणी गाडी न जोडता, बंदिस्त जागेत आणि चालीवर घ्यावी. डावीकडे, उजवीकडे वळवावं, थांबवावं. घोडा एकाच बाजूला मान झटकत असेल तर त्या बाजूचं तोंड पुन्हा तपासावं. दोन्ही बाजूंना झटकत असेल तर धरणाऱ्याचा हात बघावा. सतत ताणलेला हात असेल तर चांगलं बिटही बोचतं. घोडा थांबला की लगाम लगेच सैल सोडायचा, म्हणजे थांबलं की त्रास संपतो हे त्याला कळतं.

काटेरी लगाम चालतो का?

नाही. ओझं वाहणाऱ्या आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठी केंद्राचे 1965 चे नियम आहेत. त्यातल्या आठव्या नियमानुसार काटे, गाठी किंवा टोकदार भाग असलेला, जनावराला इजा करणारा लगाम वापरायला मनाई आहे. शर्यत असो की टांगा, "आमच्याकडे पूर्वीपासून असाच वापरतात" हे कारण चालत नाही.

पुढच्या वेळी असं रील समोर आलं तर घोड्याच्या वेगाआधी त्याच्या तोंडाकडे बघा.