जुन्या दुनळीच्या नळ्या झिजल्यात? आधी माप, मग दुरुस्ती

पिकाच्या राखणीसाठी परवान्यावर घेतलेली बारा बोरची दुनळी काही घरांत आजोबांपासून चालत आलेली असते. दस्ता मजबूत, घोडे कडक, म्हणून आपण म्हणतो, "बंदूक अजून धडधाकट आहे." पण बाराचा सगळा जोर नळी सोसते, आणि ती झिजते आतून. पातळ झालेली नळी फुटली तर पुढच्या हाताची बोटं जातात, डोळाही जाऊ शकतो. म्हणून दुरुस्तीच्या आधी नळीची परीक्षा करा.

घरी काय पाहाल?

प्रथम बंदूक उघडून काडतुसं नाहीत याची दोनदा खात्री करा. नळ्या सुट्या करून उजेडाकडे धरा व आत बघा. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे. उजेडाची कडी एखाद्या जागी मोडलेली दिसली, तर तिथे पोचा किंवा फुगवटा आहे. मग नळ्या आकड्याला टांगून लाकडाने हलकेच वाजवा. घंटेसारखा नाद आला तर ठीक. आवाज बद्द आला तर दोन नळ्यांमधल्या पट्टीची झाळ सुटली असण्याचा संभव आहे.

बाहेरून नळीवर लाटांसारखी नक्षी असेल, तर ती लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली जुनी दमास्कस नळी असू शकते. अशा कित्येक नळ्या जुन्या काळ्या दारूसाठीच केलेल्या होत्या. त्यांत आजचे काडतूस भरू नका.

दुरुस्तीच्या वाटा

१. खड्डे उथळ असतील तर कारागीर आतून घासून नळी गुळगुळीत करतो. पण घासताना धातू जातो. इंग्लंडच्या बंदूक व्यवसायात नळीची जाडी कुठेही अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली, तर ती धोक्याची धरतात. म्हणून आधी जाडी मोजून घ्या. नळी चकचकीत झाली म्हणजे मजबूत झाली असे नाही.

२. पोचा लहान असेल तर कुशल कारागीर तो उठवू शकतो. सुटलेली पट्टीही पुन्हा झाळता येते.

३. नळ्या फारच गेल्या असतील तर मागचा काही इंचांचा भाग ठेवून पुढे नव्या नळ्या जोडतात. इंग्लंडमध्ये ही रीत रूढ आहे. जोडल्यावर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहात जास्त दाबाचा बार काढून तपासतात व खूण उमटवतात. काम खर्चाचे आहे. आधी नव्या बंदुकीची किंमत विचारून घ्या.

४. यांपैकी काहीच जमण्यासारखे नसेल, तर बार काढणे कायमचे थांबवा. आठवण म्हणून ठेवायची असली तरी परवाना लागतोच.

काडतुसाची लांबी

बऱ्याच जुन्या विलायती बंदुकांत काडतुसाचे घर ६५ मिलिमीटरचे असते. आजचे ७० मिलिमीटरचे काडतूसही त्यात सहज बसते, कारण त्याचे तोंड दुमडलेले असते. बार उडताना ते उलगडते, पुढची वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. घराचे माप कारागिराकडून लिहून घ्या.

हे करू नका

गावच्या लोहाराकडून नळी तापवून किंवा वेल्डिंग करून घेऊ नका. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीचा धंदा परवानाधारकानेच करायचा असतो. नळी आखूड करणे तर परवानगीशिवाय गुन्हाच आहे.

पावसाळ्यात नळ्या कोरड्या पुसून तेलाचा हलका हात द्या. कातडी पिशवीत दडपून ठेवू नका, ओल धरते. पीक एका हंगामात गेले तर पुढच्या हंगामात येते. हात गेला तर तो परत येत नाही.