भर समुद्रात गॅरेज नसतं!

पुनावळ्याजवळ महामार्गावर एखादा ट्रक बंद पडला, तर ड्रायव्हरकाका काय करतात? ट्रक बाजूला घेतात, गॅरेजवाल्याला निरोप धाडतात आणि टपरीवर चहा पीत बसतात. पिंपरी-चिंचवड, चाकण म्हणजे यंत्रांचं माहेरघरच. नट-बोल्टपासून अख्ख्या इंजिनापर्यंत हवं ते इथे हाकेच्या अंतरावर मिळतं.

पण दोस्तांनो, इंजिन भर समुद्रात बंद पडलं तर? तिथे ना गॅरेज, ना स्पेअर पार्टचं दुकान. जहाजावरचे मरीन इंजिनिअर हेच तिथले मेकॅनिक, तेच इलेक्ट्रिशियन, तेच प्लंबर आणि आग लागलीच तर बंबवालेसुद्धा तेच!

म्हणूनच केवळ कॉलेजची पदवी दाखवून जहाजाचं इंजिन कुणाच्या हाती देत नाहीत. त्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागते. आपल्या देशात ती मुंबईत मुख्यालय असलेल्या नौवहन महासंचालनालयाच्या देखरेखीखाली होते. पास झालं की जो दाखला मिळतो, त्याला म्हणतात ‘सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्सी’. म्हणजे काम करण्याच्या लायकीचा दाखला!

या परीक्षेला पायऱ्या आहेत. पहिली पायरी ‘क्लास फोर’. हा दाखला मिळाला की इंजिन-रूममध्ये स्वतःच्या जबाबदारीवर पहारा देता येतो. मग ‘क्लास टू’ आणि सर्वांत वर ‘क्लास वन’. तो मिळवणारा होतो चीफ इंजिनिअर. गंमत म्हणजे इथे पायरी गाळून उडी मारता येत नाही. प्रत्येक परीक्षेआधी ठरावीक महिने प्रत्यक्ष समुद्रावर काम केलेलं असावं लागतं. तीन हजार किलोवॅट, म्हणजे सुमारे चार हजार अश्वशक्तीच्या किंवा त्याहून मोठ्या इंजिनाचं चीफपद हवं असेल, तर जागतिक नियमाप्रमाणे साधारणपणे ३६ महिन्यांचा अनुभव लागतो. शिवाय वैद्यकीय तपासणीही असते. रंग नीट ओळखता येतात का, तेही त्यात पाहतात. पाइप आणि तारा रंगांवरूनच तर ओळखायच्या असतात!

लेखी पेपर असतातच, पण मुलांच्या पोटात खरा गोळा येतो तो तोंडी परीक्षेचा. ‘‘समजा, जहाजावरची वीज एकदम गेली. आता तू काय करशील?’’ असा प्रश्न समोरून येतो. पाठांतर तिथे कामाला येत नाही. आणीबाणीचा जनरेटर ४५ सेकंदांच्या आत आपोआप सुरू होऊन वीज देऊ लागला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तो नाही झाला, तर पुढचं पाऊल कोणतं, हे उमेदवाराला सांगता आलं पाहिजे.

हा प्रश्न उगाच विचारत नाहीत, बरं का! २६ मार्च २०२४ रोजी अमेरिकेतल्या बाल्टिमोर बंदरातून ‘डाली’ नावाचं प्रचंड मालवाहू जहाज निघालं. त्यावरचे बहुतेक कर्मचारी भारतीय होते. पुलाजवळ येताच जहाजाची वीज गेली, परत आली, पुन्हा गेली. जहाज पुलाच्या खांबावर आदळलं आणि पूल कोसळला. रस्त्यावरचे खड्डे बुजवणारे सहा कामगार त्यात दगावले. जहाजावरून वेळेवर धोक्याचा संदेश गेल्यामुळे पुलावरची वाहतूक थांबवता आली, नाहीतर आणखी कितीजण गेले असते! चौकशीत काय निघालं? एक सैल तार! तारेवरच्या लेबलामुळे ती जागेवर घट्ट बसलीच नव्हती.

देशोदेशीच्या परीक्षांचा किमान दर्जा एक असावा, म्हणून १९७८ साली लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला. १९९५ आणि २०१० मध्ये तो आणखी कडक केला गेला. भारतातले नियमही त्याच करारावर बेतलेले आहेत.

पण नियम कडक असून भागत नाही, ते सर्वांना सारखेही हवेत. व्हिक्टोरिया ड्रमंड या ब्रिटिश बाईंची हकिगत ऐका. १९२६ साली त्यांनी सेकंड इंजिनिअरचा दाखला मिळवला. मग चीफच्या परीक्षेला बसल्या आणि नापास झाल्या. एकदा नाही, तब्बल ३७ वेळा! त्या बाई असल्यामुळेच त्यांना पास करत नाहीत, अशी त्यांची खात्री झाली. शेवटी त्यांनी पनामा देशाची परीक्षा दिली आणि चीफचा दाखला मिळवला.

त्यांची खरी परीक्षा १९४० साली झाली. अटलांटिक महासागरात त्यांच्या ‘बोनिटा’ जहाजावर शत्रूच्या विमानाने बॉम्ब टाकले. ड्रमंडबाईंनी इंजिन-रूममधल्या सहकाऱ्यांना वर पाठवलं आणि एकट्या खाली थांबल्या. एरवी नऊ नॉटने चालणारं ते जहाज त्यांनी साडेबारा नॉटपर्यंत पळवलं! त्यामुळे कप्तानाला बॉम्ब चुकवता आले. त्यांना शौर्यपदक मिळालं. सांगा बरं, नापास कोण झालं होतं? बाई, की त्यांचे परीक्षक?

आपल्याकडे सोनाली बॅनर्जी १९९९ साली कोलकात्याच्या संस्थेतून उत्तीर्ण होऊन भारतातल्या पहिल्या महिला मरीन इंजिनिअर झाल्या. मुलींनो, ही वाट आता तुमच्यासाठीही खुली आहे.

आणि ती वाट पुनावळ्यापासून फार लांबही नाही! तळेगाव-चाकण रस्त्यावर इंदुरीला तोलानी मॅरिटाइम इन्स्टिट्यूट आहे. समुद्र दूर घाटाखाली, पण शिकायला जहाजाची इंजिन-रूम मात्र आवारातच! बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय हवेत. चार वर्षांची पदवी, मग समुद्र आणि मग ती परीक्षा.

तोवर एक सोपा प्रयोग करा. पुढच्या वेळी घरातली वीज गेली, की घड्याळ लावून ४५ सेकंद मोजा. तेवढ्या वेळात मेणबत्ती आणि काड्यापेटी सापडली का? आणि नसेल सापडली, तर पुढचं पाऊल कोणतं?