थिबा राजाच्या गावाहून

मंडाले : रत्नागिरीकरांना थिबा राजा माहीत आहे तो उतारवयातला. भाट्याच्या खाडीकडे तोंड करून उभ्या असलेल्या वाड्यातला, दुर्बिणीतून बोटी न्याहाळणारा कैदी. मंडालेत मात्र त्याची आठवण निघते ती विशीतल्या तरुणाची.

हा तरुण गादीपर्यंत पोचला कसा, ते समजल्याशिवाय ब्रह्मदेशाची सल कळत नाही. मंडाले वसवणाऱ्या मिंडॉन राजाला राण्या पुष्कळ आणि मुलगेही पुष्कळ, पण वारस त्याने नेमलेला नव्हता. थिबा विहारात शिकलेला, पालीच्या परीक्षेत चमकलेला. गादीच्या रांगेत कुठेतरी मागे. १८७८ मध्ये मिंडॉनने अंथरूण धरलं, तेव्हा सिन्ब्युमाशिन राणीने ‘बापाला भेटून जा’ म्हणून राजपुत्रांना बोलावलं आणि अटकेत टाकलं. तिला आपल्या मुली पट्टराण्या झालेल्या हव्या होत्या. किनवुन मिंजी या मुत्सद्दी प्रधानाला ऐकण्यातला राजा हवा होता. दोघांनाही थिबा सोयीचा वाटला. फेब्रुवारी १८७९ मध्ये राजघराण्यातली सुमारे ऐंशी माणसं ठार झाली. राजरक्त भुईवर सांडायचं नाही, म्हणून त्यांना मखमली पोत्यांत घालून मारलं. दोष सासूकडे, म्हणजे सिन्ब्युमाशिनकडे, आणि तिची मुलगी, थिबाची राणी सुपयालात हिच्याकडे जातो. मला ते पटत नाही. मुकुट थिबाच्या डोक्यावर होता आणि त्याने कोणाचा हात धरला नाही.

पण इंग्रजांनी राज्य घेतलं ते या पापाची शिक्षा म्हणून नव्हे. बॉम्बे बर्मा ही इंग्रजांची कंपनी सागवानाचे ओंडके कमी दाखवून महसूल बुडवते, असा निवाडा देऊन दरबाराने १८८५ मध्ये तिला जबर दंड केला. त्यातच थिबाचं फ्रेंचांशी बोलणं चालू होतं. नोव्हेंबरमध्ये फौजा इरावतीतून वर आल्या आणि पंधरवड्यात सगळं आटोपलं. २९ नोव्हेंबरला राजाराणीला बैलगाडीतून नदीवर नेऊन बोटीत चढवलं. रस्त्याच्या दुतर्फा लोक गुडघे टेकून रडत होते. आधी मद्रास, मग १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरी.

थिबाच्या हातचं म्हणावं असं मंडालेत एकच उरलं आहे : श्वेनान्डॉ विहार. मिंडॉनने प्राण सोडला तो राजवाड्यातला महाल थिबाने उतरवून तटाबाहेर उभारला आणि भिक्खूंना दिला. बाहेरचं सागवानी कोरीवकाम उन्हापावसाने काळवंडलं आहे, पण आत शिरल्यावर खांबांवरचा सोन्याचा वर्ख अजून दिसतो. लाकडाला हात लावला की नक्षीचे खोल कंगोरे बोटांना लागतात. १९४५ च्या लढाईत राजवाडा जळून खाक झाला. त्यातली मोठी इमारत वाचली ती ही, आधीच बाहेर हलवलेली. तटाच्या आत आज दिसतो तो राजवाडा १९९० च्या दशकात बांधलेला, सिमेंट-पत्र्याचा. २०२५ च्या मार्चमधल्या भूकंपात तटाचेही काही भाग ढासळले.

याच तटाच्या आतल्या तुरुंगात १९०८ ते १९१४ लोकमान्य टिळक होते. ‘गीतारहस्य’ इथेच लिहिलं गेलं. रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेत कैदी आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदी, हे एकाच वेळी चाललं होतं. दिल्लीचा बहादूरशहा जफर तर त्याआधीच रंगूनला मातीआड झाला होता. माणसाला त्याच्या मुलखापासून तोडलं की तो निम्मा संपतो, हे इंग्रजांना पक्कं माहीत होतं.

थिबाला कोणी थोर म्हणत नाही. तरी राजा परमुलखात मेला, ही बोच ब्रह्मदेशाला आहे. १९१६ च्या डिसेंबरात तो रत्नागिरीतच गेला. सुपयालातला १९१९ मध्ये परत येऊ दिलं, पण रंगूनपर्यंतच. १९२५ मध्ये ती वारली, श्वेडगॉन पॅगोडाजवळ तिची समाधी आहे. थोरल्या राजकन्येची मुलगी टुटू रत्नागिरीतच वाढली आणि मराठी होऊन गेली. २०१२ मध्ये ब्रह्मदेशाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या रत्नागिरीतल्या समाधीवर आले, २०१६ मध्ये त्याच्या मृत्यूच्या शताब्दीला उपराष्ट्राध्यक्ष आणि सेनापती आले. एका देशाचे राज्यकर्ते आपल्या गावी डोकं टेकवायला येतात.

रत्नागिरीकरांनो, पाहुण्यांना थिबा पॅलेस आणि थिबा पॉइंट आपण हौसेने दाखवतो. यापुढे त्यांना समाधीवरही न्या, आणि ती झाडून-पुसून नीट ठेवा.