पनवेलच्या पायाखालची भरती

लोकलमधून पनवेलला उतरणाऱ्याला समुद्र कुठेच दिसत नाही. दिसतात ते उड्डाणपूल, रिक्षांच्या रांगा आणि टॉवर. तरीही या शहराचं घड्याळ आजही खाडीच्या हातात आहे. कसं, ते समजून घेण्यासारखं आहे.

1830 साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, तेव्हा पुण्याला निघालेला मुंबईकर होडीने पनवेल बंदरात उतरे आणि तिथून गाडीने घाट गाठे. होड्या येत त्या भरतीच्या पाण्यावर. पनवेलच्या बैलगाडीच्या चाकांची ख्याती होती. गाव इतकं नांदतं, की 1852 सालीच नगरपालिका झाली. पुढे पुण्याची रेल्वे कल्याणवरून गेली आणि बंदराची रया ओसरली.

भरतीचं दुसरं नातं गावाबाहेर होतं, खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीत, म्हणजे खाजणात. खाडीकाठच्या आगरी शेतकऱ्यांनी मातीचे बांध घालून खाऱ्या पाण्याला अडवलं आणि आत भात पिकवलं. पण बांध घातला की पावसाचं पाणीही आतच कोंडणार. त्यावरचा तोडगा म्हणजे उघाडी. बांधातल्या मोरीच्या खाडीकडच्या तोंडावर वरून टांगलेली लाकडी झडप. भरती चढली की खाडीचं पाणीच तिला दाबून बंद करतं. ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. हृदयातल्या झडपेसारखं हे काम ना माणूस मागतं, ना इंजिन. जो समुद्र शेत बुडवायला येतो, त्याच्याच जोरावर दार लागतं! बांधाला खांड पडली तर मात्र शेत खारं होतं आणि वर्षाचं पीक जातं. अशा जमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या जाती पनवेलच्याच खारभूमी संशोधन केंद्राने काढल्या. त्यांची नावंही पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3.

पुढे याच खाजणांवर शहर आलं. 1970 साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. 95 गावांच्या सुमारे 344 चौरस किलोमीटर क्षेत्रावर नवं शहर आखलं गेलं. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या वसाहती उठल्या. 1998 साली लोकल पनवेलला पोहोचली. पनवेल शहराची वस्ती 2001 साली सुमारे 1.04 लाख होती, ती 2011 साली 1.80 लाख झाली. 2016 साली नगरपालिकेची महापालिका झाली आणि या वसाहती तिच्यात आल्या.

मला थक्क करते ती गोष्ट वेगळीच. नव्या मुंबईचा बराच सखल भाग उधाणाच्या पातळीपेक्षा खाली आहे. तिथे इंजिनिअरांनी धारण तलाव खोदले. भरतीच्या वेळी पाऊस कोसळला की गटारांचं पाणी काही तास या तलावात थांबतं. खाडीकडची झडप मिटलेली असते. पाणी ओसरलं की झडप उघडते आणि तलाव रिकामा होतो. याला डच पद्धत म्हणतात. म्हणोत बापडे, पण ही तर आमच्या खाजणातली उघाडीच, सिमेंटची आणि मोठी.

ज्यांनी ही विद्या शतकानुशतके जपली, त्यांचीच जमीन शहराखाली गेली. 1984 साली शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली या जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनावर गोळीबार झाला, 5 जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याचा हक्क आला. बांध कसे राखायचे, हेही तेव्हाच या शेतकऱ्यांकडून समजून घ्यायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. कारण शेतकरी बांध आणि उघाडी सतत डोळ्यांखाली ठेवत असत. धारण तलावांत मात्र वर्षानुवर्षं गाळ साचत गेला आणि गाळावर तिवरं माजली. तिवरांना कायद्याचं संरक्षण असल्याने आता उपसा करायचा तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते. गाळाने उथळ झालेल्या तलावात पाणी मावतं कमी, आणि मुसळधार पावसाची गाठ उधाणाशी पडली की ते रस्त्यावर येतं.