दोन ताऱ्यांची पोरे

२०२५ च्या डिसेंबरात मी अमेरिकेत भाच्याकडे मुक्कामाला होतो. इंडियाना राज्यात कोलंबस नावाचे एक टुमदार गाव आहे. तेथे इंजिनांचा मोठा कारखाना असल्यामुळे पुण्याकडची बरीच मराठी मंडळी त्या गावात राहतात. भाचा त्यांपैकीच एक. त्याची मुलगी जवळच ब्लूमिंग्टनला, इंडियाना विद्यापीठात शिकते. थंडी अशी की खिडकीशी बसून चहा पिणे हाच माझा मुख्य उद्योग झाला होता. डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी नात घरी आली होती. शेजारच्या घराकडे बोट दाखवून ती म्हणाली,

"आजोबा, आज त्या घरात कुणी धड जेवणार नाही."

"का ग? काय झालं?"

"आज सह्यांचा दिवस! आणि त्यांच्या मुलाला दोनच तारे आहेत."

पत्रिकेतल्या ग्रहांचीच काही भानगड असावी, असे मला क्षणभर वाटले. पण प्रकार निराळाच निघाला, आणि पुढचे दोन महिने त्याने मला चांगलेच गुंतवून ठेवले.

अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. त्यात चेंडूला पाय क्वचितच लागतो. तो काखोटीस मारून पळायचे आणि पळणाऱ्याला आडवे पाडायचे, असा तो धसमुसळा खेळ. तिकडे कॉलेजांच्या सामन्यांना लाख-लाख माणसे जमतात. अर्थात चांगली पोरे आपल्याकडे ओढण्यासाठी कॉलेजांत केवढी चढाओढ! शाळेत शिकणाऱ्या, सोळा-सतरा वर्षांच्या या पोरांची उंची, वजन, धावण्याचा वेग आणि सामन्यांच्या फिती पाहून त्यांना तारे बहाल करणारे धंदेवाईक पारखी तेथे आहेत. देशातल्या तीसएक पोरांना पाच तारे, पुढच्या काही शेकड्यांना चार, त्यानंतरच्या मोठ्या घोळक्याला तीन, आणि उरलेल्यांना दोन किंवा काहीच नाही. मग कोणत्या कॉलेजाने किती तारे गोळा केले, याची क्रमवारी छापून येते. सह्यांच्या दिवशी नावाजलेला पोरगा टेबलावर चार-पाच कॉलेजांच्या टोप्या मांडून बसतो आणि त्यांतली एक उचलून डोक्यावर घालतो. समोर आई डोळे पुसत असते. थोडक्यात, स्वयंवरच; फक्त माळेच्या जागी टोपी!

मी हिशेबनीस माणूस. नोकरीतून मोकळा झालो तरी आकड्यांची खोड गेलेली नाही. माझा पहिला प्रश्न हाच, की या ताऱ्यांचे पुढे काही खरे होते का?

नातीने एक ठोकताळा सांगितला. तो बड इलियट नावाच्या क्रीडालेखकाचा आहे. मागच्या चार वर्षांत ज्या कॉलेजाने घेतलेल्या पोरांपैकी निम्म्याहून अधिक चार वा पाच ताऱ्यांची असतील, तेच राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवू शकते. २०२४ च्या हंगामापर्यंत हा ठोकताळा वर्षानुवर्षे टिकला होता. निक सेबन या प्रशिक्षकाने अलाबामा विद्यापीठाला २००९ ते २०२० या काळात सहा अजिंक्यपदे मिळवून दिली. आणि त्या सुमारास ताऱ्यांच्या यादीतही अलाबामाचे नाव बहुतेक वर्षी अग्रभागी असे. २०२३ च्या जानेवारीतला अंतिम सामना तर क्रूरच म्हटला पाहिजे. टेक्सस ख्रिश्चन या बेताच्या ताऱ्यांच्या संघाने जिद्दीने तिथवर धडक मारली, आणि ताऱ्यांनी लखलखणाऱ्या जॉर्जियाने त्याला ६५ विरुद्ध ७ असे लोळवले.

पण गंमत अशी की त्याच जॉर्जियाचा सूत्रधार, ज्याला क्वार्टरबॅक म्हणतात तो, स्टेट्सन बेनेट, मुळात शिष्यवृत्तीवाचून, स्वतःहून संघात शिरलेला होता. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटला. शंभर पोरांचा जमाव मोजायचा असेल तर तारे बहुधा खरे बोलतात. एका पोराचे भविष्य वाचायचे असेल तर मात्र ते सपशेल थाप मारू शकतात. विमा कंपनीला हजार माणसांत किती दगावतील ते सांगता येते. अमके गृहस्थ केव्हा, ते नाही. पारख्याचा नेम चुकतो तो दोन्ही बाजूंनी. एक पाच ताऱ्यांचा पोरगा वाया गेला तर त्याच्या मागे दुसरा उभा असतो, म्हणून श्रीमंत संघाचा हिशेब जुळतो.

चुकलेल्या नेमांची यादी तर लांबलचक आहे. जे. जे. वॅटला दोन तारे होते. पहिले कॉलेज सोडून तो विस्कॉन्सिनला शिष्यवृत्तीवाचून दाखल झाला. मधल्या काळात पोटासाठी घरोघर पिझ्झा पोचवत होता. पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये सर्वोत्तम बचावपटूचा मान त्याने तीनदा मिळवला. जॉश ॲलन हा कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्याचा मुलगा. शाळा संपली तेव्हा एकाही मोठ्या कॉलेजाने त्याला विचारले नाही. दोन वर्षांच्या एका लहान कॉलेजात खेळून त्याने देशभरच्या प्रशिक्षकांना पत्रांमागून पत्रे धाडली, आणि अखेर वायोमिंगने त्याला घेतले. २०२४ च्या हंगामात तो व्यावसायिक फुटबॉलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आणि उलटा मासला हवा असेल तर टेक्सस ए अँड एम विद्यापीठ पाहावे. २०२२ साली त्यांनी जमवलेली पोरांची तुकडी देशात पहिल्या क्रमांकाची गणली गेली. अशी तुकडी पूर्वी कधी जमली नव्हती, असाच डांगोरा होता. त्याच हंगामात ॲपालॅचियन स्टेट या लहान कॉलेजाने त्यांना त्यांच्याच मैदानावर हरवले, आणि वर्षअखेर हिशेब झाला पाच विजय, सात पराभव. दुसऱ्या वर्षी प्रशिक्षकाला काढून टाकले. त्याच्या कराराचे सात कोटी डॉलरांहून अधिक देणे मात्र विद्यापीठाच्या मानेवर बसले. मुलाच्या लग्नात कर्ज काढून थाट करणाऱ्यांची मला आठवण झाली!

हे सारे मी वहीत टिपत असतानाच इकडे ब्लूमिंग्टनला काही भलतेच चालले होते. नातीचे विद्यापीठ बास्केटबॉलसाठी नावाजलेले. फुटबॉलमध्ये मात्र त्यांच्या खात्यावर सातशेहून अधिक पराभव! २०२३ साली बारापैकी नऊ सामने गमावले. त्यानंतर कर्ट सिग्नेटी नावाचे, साठी उलटलेले प्रशिक्षक आले. येताना आपल्या आधीच्या, लहान कॉलेजातली डझनभर पोरे बरोबर घेऊन आले. पूर्वी कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूला वर्षभर बसून राहावे लागे. २०२१ पासून ती अट गेली. त्याच वर्षापासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसेही मिळवता येऊ लागले. त्याचा सिग्नेटींनी पुरता फायदा घेतला. सतराव्या वर्षी कोणाला किती तारे होते, हे त्यांनी फारसे पाहिले नाही. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी, खऱ्या सामन्यात, पोराने काय करून दाखवले ते पाहिले.

चार-पाच ताऱ्यांची पोरे त्यांच्याकडे बोटांवर मोजण्याइतकीच. त्यांचा सूत्रधार फर्नांडो मेंडोसा शाळा सोडताना पारख्यांच्या यादीत कोठल्या कोठे खाली होता. कॅलिफोर्नियात खेळून तो इंडियानाला आला, आणि २०२५ च्या डिसेंबरात देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारा हाइजमन करंडक त्याने पटकावला. १ जानेवारी २०२६ ला इंडियानाने ताऱ्यांच्या माहेरघराला, अलाबामाला, ३८–३ असे झोपवले. मग ओरेगॉनला ५६–२२.

१९ जानेवारीच्या रात्री आम्ही सारे दूरचित्रवाणीसमोर बसलो होतो. शेजारची मंडळीही आली होती. तो दोन ताऱ्यांचा मुलगा कोपऱ्यात, गुडघ्यांवर कोपरे टेकून, एक अक्षर न बोलता बसला होता. सामना मायामीविरुद्ध, आणि तोही मायामीच्याच मैदानावर. अखेरच्या पर्वात मेंडोसा स्वतःच चेंडू घेऊन घुसला, दोघातिघांच्या धक्क्यांतून गिरकी घेत रेषेपलीकडे झेपावला. २७–२१. सोळा सामने, सोळा विजय. भाचेसुनेने केलेल्या चकल्या त्या अमेरिकन बापाने आनंदाच्या भरात किती खाल्ल्या, त्याचा हिशेब मीही ठेवला नाही.

आता, एका इंडियानाने ठोकताळा मोडीत निघाला असे मी म्हणणार नाही. पैसेवाली कॉलेजे आता तारे आणि तयार खेळाडू, दोन्ही विकत घेतील. शिवाय नव्या रिवाजात एक ठिगळ आहेच. प्रशिक्षक तयार बाविशीची पोरे शोधू लागले, तर सतराव्या वर्षीच्या, अजून हाडे वाढत असलेल्या पोराला पहिली संधी द्यायची कोणी? शेजारच्या मुलाला डिसेंबरात एकही पत्र आले नव्हते, त्याचे एक कारण हेही असेल. त्याचा बाप मला म्हणाला होता की त्यांच्या घराण्यात सगळे विशी गाठल्यावरच अंगाने भरतात. पण हे त्या पारख्यांना कोणी सांगावे?

मी फेब्रुवारीत परतलो. परवा नातीचा फोन आला. तो मुलगा शेजारच्या राज्यातल्या एका लहान कॉलेजात दाखल झाला आहे. शिष्यवृत्ती अर्धीच मिळाली. उन्हाळ्यापासून दीड इंच उंची आणि वीस पौंड वजन वाढले आहे, आणि आई म्हणते की स्वयंपाकघरात काही म्हणून उरत नाही.

"आणि तारे?" मी विचारले.

"दोनच, आजोबा. ती यादी बंद झाली ना आता!"