जामीनदार

रत्नागिरी जिल्ह्यात पासपोर्ट ही अपूर्वाईची वस्तू नाही. बाणकोट, हर्णै, दाभोळ, राजिवडा अशा किनाऱ्यावरच्या वस्त्यांतून पुरुष आगबोटींवर खलाशी म्हणून जात, त्यालाही आता शंभर वर्षं उलटून गेली. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर डेकवरच्या कामाला रत्नागिरीकडची माणसं मोठ्या संख्येनं असत. १९७०च्या दशकात तेलाचा पैसा वाहू लागला, तशी हीच वाट कुवेत, दुबई, सौदी आणि कतारकडे वळली. २०११च्या जनगणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, आणि आधीच्या दहा वर्षांत लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली होती. मुंबई आणि परदेश मिळून घरातला कर्ता माणूस बाहेर असणं ही इथली रीत आहे. तरीही इथल्या कॉलेजातून निघून थेट परदेशी विद्यापीठात शिकायला गेलेल्या मुलाचा किंवा मुलीचा फोटो स्थानिक वर्तमानपत्रात छापून येतो, म्हणजे ती अजून बातमीच आहे. जिल्ह्यात साडेअकरा टक्क्यांच्या आसपास मुस्लिम आणि सहा-सात टक्के बौद्ध आहेत. त्यांची मुलं ज्या कॉलेजांतून शिकतात, मग त्या कॉलेजाकडे अल्पसंख्याक दर्जाचं प्रमाणपत्र असो वा नसो, त्या कॉलेजांबाबत हा विरोधाभास अधिकच खटकतो.

याचं कारण विचारलं की दोन उत्तरं ठरलेली असतात: गरिबी आणि इंग्रजी. दोन्ही खरी आहेत आणि दोन्ही अपुरी. बोटीवर गेलेला खलाशी श्रीमंत नव्हता आणि त्याला इंग्रजीही येत नव्हतं. त्याच्याकडे होता गावचा सारंग. आपल्या हाताखालची माणसं सारंग स्वतः निवडायचा, बहुधा आपल्याच गावातली आणि नात्यातली, आणि कंपनीपुढे त्यांच्या वागण्याची जबाबदारी घ्यायचा. आखातात सारंगाची जागा मामानं आणि आतेभावानं घेतली. व्हिसा कोणी काढायचा, पहिल्या महिन्यात राहायचं कुठं, अरबाशी बोलायचं कसं, हे सगळं आधीच गेलेल्या माणसाच्या शब्दावर चालायचं. कामासाठी परदेशी जाणाऱ्याला जामीनदार होता, शिक्षणासाठी जाणाऱ्याला तो नाही. माझा मुद्दा एवढाच आहे की हा जामीनदार कॉलेजनं व्हायला हवं. ते होत नाही तोवर शिष्यवृत्तीच्या जागा कितीही वाढवल्या तरी त्या रत्नागिरीपर्यंत पोचणार नाहीत.

इतिहास हेच सांगतो. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. त्यांच्या बुद्धीबद्दल वाद नाही. पण तिथवर पोचायला मुंबईत धोंडो केशव कर्व्यांचं घर होतं, पाठीशी फर्ग्युसन कॉलेज होतं, सरकारी शिष्यवृत्ती होती, आणि परत येऊन डेक्कन एज्युकेशन सोसायटीत अल्प पगारावर काम करण्याचा शब्द त्यांनी दिलेला होता. त्याच दापोलीच्या उत्तरेला मंडणगड तालुक्यात आंबडवे आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी कॉलेजसाठी महिना २५ रुपये सुरू केले. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठासाठी बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली, ती तीन वर्षांची, महिना साडेअकरा पौंडांची, परत आल्यावर दहा वर्षं बडोदा सरकारची नोकरी करण्याच्या करारावर. मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून १९१७ मध्ये त्यांना परतावं लागलं. पुन्हा जायला तीन वर्षं लागली, आणि त्यासाठी स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडचं कर्ज जमवावं लागलं. तिकडे मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजींना व्यापारी वडिलांनी १८६०मध्येच लंडनला धाडलं होतं. ते बॅरिस्टर होऊन आले आणि १८७४ साली अंजुमन-इ-इस्लाम या शिक्षणसंस्थेच्या उभारणीत पुढे राहिले. एकाला संस्था, एकाला महाराज, एकाला बाप. आंबेडकरांनी पुढं १९४५मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि पुढच्याच वर्षी सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं, त्यामागे हाच अनुभव असावा असं मला वाटतं. महाराज एका मुलाला भेटतो, कॉलेज रोज सगळ्यांना भेटतं.

आजची सरकारी यंत्रणा मात्र अजून महाराजांच्याच पद्धतीनं चालते. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५पासून आहे, आता वर्षाला १२५ जागांची. त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत आणि १९९०च्या दुरुस्तीनंतर त्यात बौद्धही येतात. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती ७५ जागांची आहे. राज्याच्या अल्पसंख्याक विभागानं अलीकडे मुस्लिम, बौद्ध, ख्रिश्चन, जैन, शीख, पारशी आणि ज्यू विद्यार्थ्यांसाठी २७ जागांची वेगळी योजना आणली. जागा थोड्या आहेत ही तक्रार रास्तच. पण जागांपेक्षा मोठी अडचण दाराच्या उंचीची आहे. आधी प्रवेशपत्र आणा आणि तेही जागतिक क्रमवारीत वरच्या दोनशेंत असलेल्या विद्यापीठाचं, मग अर्ज करा, असा राज्याच्या योजनांचा साधारण रिवाज आहे. म्हणजे प्रवेश मिळवण्याचं अवघड काम विद्यार्थ्यानं एकट्यानं पार पाडल्यावर सरकार पुढं येतं. ज्यांच्या कॉलेजात असं काम करवून घेणारी माणसं आहेत, त्यांनाच ते जमतं, आणि अशी कॉलेजं मुंबई-पुण्याच्या बाहेर विरळ आहेत.

हे काम दिसायला किरकोळ असतं. मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजातल्या विद्यार्थ्याला सर्व सत्रांचे गुण दाखवणारं ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून घ्यावं लागतं, आणि मुंबई रत्नागिरी शहरापासून सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढं आहे. पदवीचं मूल्यमापन करणाऱ्या परदेशी संस्था कागद विद्यार्थ्याच्या हातून घेत नाहीत, विद्यापीठाकडूनच मागतात. अमेरिकेत आपली तीन वर्षांची पदवी पूर्ण पदवी धरायची की नाही हा जुना वाद आहे. वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस ही संस्था पहिल्या किंवा दुसऱ्या वर्गातली पदवी पूर्ण मानते, पण देणाऱ्या संस्थेला नॅक या राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेची ‘अ’ किंवा त्यावरची श्रेणी असेल तर. जर्मनीला जायचं तर २०२२पासून एपीएस नावाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. शिवाय दोन-तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रं हवीत. ‘विद्यार्थिनी सुस्वभावी व कष्टाळू आहे’ एवढं लिहून भागत नाही. तिनं कोणता प्रकल्प केला, कुठं अडली, त्यातून कशी सुटली, हे लिहावं लागतं. तासिका तत्त्वावर एका वर्षासाठी आलेला शिक्षक हे लिहिणार तरी कशाच्या आधारावर?

अमेरिकेतलं एक उदाहरण इथं आठवतं. अल्प उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना परदेशी पाठवणारी तिथली गिलमन शिष्यवृत्ती विद्यार्थ्याच्याच अर्जावर मिळते. मात्र कॉलेजातल्या परदेश-शिक्षण सल्लागारानं आणि आर्थिक साहाय्य अधिकाऱ्यानं तो अर्ज प्रमाणित करावा लागतो. म्हणून शिष्यवृत्ती हवी असलेल्या कॉलेजाला ही माणसं नेमणं भागच पडतं. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२१च्या मार्गदर्शक तत्त्वांत उच्चशिक्षण संस्थांनी आंतरराष्ट्रीय व्यवहारांसाठी कार्यालय उघडावं असं सुचवलं खरं. पण पुढच्याच वर्षी आलेल्या संयुक्त आणि जुळ्या पदव्यांच्या नियमांनी नॅकचे किमान ३.०१ गुण किंवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरांतलं स्थान अशा अटी घातल्या. ज्या कॉलेजाला परदेशी भागीदाराची सर्वांत जास्त गरज, त्यालाच दार बंद. मंडणगडमध्ये बाबासाहेबांच्या मूळ गावी मुंबई विद्यापीठाचं आदर्श महाविद्यालय आहे. असल्या ठिकाणी एक पूर्णवेळ माणूस नेमून हे काम का सोपवू नये, याचं समाधानकारक उत्तर मला सापडत नाही.

यावर आक्षेप येतील. पहिला असा की प्रयोगशाळेत साहित्य नाही, ग्रंथालयाला पैसे नाहीत, तिथं परदेशाच्या गप्पा कशाला? पण वर सांगितलेली यादी पुन्हा पाहा. वेळेवर निकाल, नीट नोंदी, विद्यार्थ्याला ओळखणारा कायम शिक्षक, पदवीच्या वर्गात केलेला एखादा खरा प्रकल्प. परदेशी न जाणाऱ्या मुलांनाही हेच हवं आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ही मुलं गेली की परत येणार नाहीत. खरंय, बरीच येणार नाहीत. पण जिल्ह्याचं मनुष्यबळ रोखून धरायची संधी तर केव्हाच हुकली. प्रश्न एवढाच उरतो की जाणारा कफीलच्या, म्हणजे आखाती मालकाच्या, मर्जीवर जाणार की पदवी घेऊन. तिसरं म्हणणं मोहल्ल्यांतूनच ऐकू येतं, की आखाताचा पैसा आहे, पालक पाठवतील. पैसा काही घरांत आहे. पण तो बंगल्यात आणि लग्नांत गुंततो, कारण त्या वाटा ओळखीच्या आहेत. आणि सगळ्या घरांतून कोणी आखातात गेलेलं नाही, बौद्धवाड्यांतून तर फारच कमी. कोणी म्हणेल, परदेशी विद्यापीठं आता नवी मुंबईतच येणार आहेत. २०२५मध्ये अ‍ॅबरडीन, यॉर्क यांच्यासह पाच संस्थांना इरादापत्रं मिळाली. पण परदेशी विद्यापीठ जवळ आल्यानं फी खाली येत नाही, आणि त्यामुळे गोष्ट शेवटी पैशापाशीच येऊन थांबते.

पैशापाशी कोकणात सातबारा उभा असतो. शैक्षणिक कर्जाचा बँकांचा सर्वसाधारण नियम असा: चार लाखांपर्यंत तारण नाही, साडेसात लाखांपर्यंत त्रयस्थ जामीनदार, त्यावर मालमत्तेचं तारण. केंद्राचा पत हमी निधीही साडेसात लाखांवर थांबतो. ब्रिटनमधली एक वर्षाची पदव्युत्तर पदवी राहण्या-खाण्यासकट वीस लाखांच्या खाली क्वचितच बसते. जर्मनीत सरकारी विद्यापीठात बहुतेक ठिकाणी फी नाही, पण गोठवलेल्या खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधी दाखवावे लागतात. तेव्हा तारण आलंच, आणि कोकणातली जमीन म्हणजे सामाईक सातबारा. आजोबा वारल्यावर वारसनोंद झाली, पण वाटप झालंच नाही. त्यांच्या मुलांची, मग नातवंडांची नावं चढत गेली. मुस्लिम घरांत बहिणींचा हिस्सा शरियतप्रमाणे नोंदला गेला की नावं आणखी वाढतात. एक भाऊ मुंब्र्याला, एक दोह्यात, एका आत्याचे वारस पाकिस्तानात गेलेले. एवढ्यांच्या सह्या गोळा होईपर्यंत प्रवेशाची मुदत टळते. बौद्ध कुटुंबांपुढची अडचण निराळी. १९५८च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगार वतनं खालसा झाली. त्या जमिनी मूळ वतनदारांना परत मिळाल्या, पण नव्या शर्तीनं. भोगवटादार वर्ग दोनच्या अशा जमिनीची विक्री जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून होत नाही, म्हणून तारण म्हणून ती पाहिली की बँक नाक मुरडते. शेतजमीन तर अनेक बँका शैक्षणिक कर्जाला धरतच नाहीत, त्यांना बिनशेती प्लॉट हवा असतो. घरात पाच एकर कलमांची बाग असली तरी बँकेच्या लेखी हा अर्जदार विनातारणच.

केंद्राची ‘पढो परदेश’ योजना तारणाच्या याच कुलपाजवळ अडली होती. २०१३-१४मध्ये सुरू झालेली ही योजना अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचं अभ्यासकाळातलं व्याज भरायची. पण आधी कर्ज मिळालं पाहिजे, आणि कर्जाला सातबारा. २०२२-२३पासून तीही बंद झाली. कारण देताना इतर योजनांशी ती मिळतीजुळती असल्याचं सांगण्यात आलं, पण परदेशी शिक्षणाच्या व्याजाचा भार नेमकं कोण उचलणार, हे त्या स्पष्टीकरणात नव्हतं.

मग कॉलेजनं जामीनदार व्हायचं म्हणजे कर्जाची हमी घ्यायची का? तेवढी कुवत मंडणगड-दापोलीकडच्या कोणत्याही संस्थेत नाही, आणि तसा भार कोणी तिच्यावर टाकूही नये. पैशाची हमी सरकारनंच घ्यायला हवी. पत हमी निधीची मर्यादा निवडक विद्यार्थ्यांसाठी वाढवली तरी सातबाऱ्याचा प्रश्न बराच सुटेल. कॉलेजची हमी निराळी. ही विद्यार्थिनी खरी आहे, तिचे गुण खरे आहेत, तिची कागदपत्रं वेळेवर येतील, आणि काही अडलं तर समोरचा आम्हाला फोन करू शकतो. पण सरकारची हमी तरी भरवशाची आहे का? २०२५च्या जुलैत राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीसाठी निवडलेल्या १०६ जणांपैकी सुरुवातीला फक्त ४० जणांना तात्पुरती मंजुरीपत्रं गेली. उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाल्यास पत्र मिळेल असं कळवण्यात आलं. बहुतेक विद्यापीठांची सत्रं सप्टेंबरच्या आसपास सुरू होतात. अशा वेळी प्रवेश एक वर्ष पुढं ढकलावा अशी विनंती परदेशी विद्यापीठाला करता येते, आणि कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीनं गेलेली विनंती विद्यार्थ्यानं एकट्यानं धाडलेल्या ईमेलपेक्षा अधिक गांभीर्यानं वाचली जाते. ते पत्र इंग्रजीत आणि दोन दिवसांत जावं लागतं. रत्नागिरीतल्या किती कॉलेजांत ते लिहायचं काम कोणाकडे सोपवलेलं आहे?