गोधडी शिवता शिवता मशीन थांबलं तर

थंडीच्या तोंडावर गोधड्यांची मागणी वाढते आणि गटाच्या कर्जावर घेतलेलं मशीन नेमकं त्याच आठवड्यात रुसून बसतं. मग मशीनचं डोकं काढायचं, रिक्षात घालायचं आणि नशिराबादहून जळगाव नाहीतर भुसावळ गाठायचं. जाण्यायेण्याचं भाडं जातं, दिवसाची मजुरी बुडते, कारागिराचे पैसे वेगळेच. आणि तिथे पुष्कळदा निघतं काय, तर शटलमध्ये अडकलेला वीतभर दोरा. हा दोरा घरी काढता येतो, ते कसं ते आज बघू.

मशीन थांबलं की आधी पाय पायडलवरून काढा आणि मोटर असेल तर पिन बोर्डातून बाहेर ओढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. लाइट गेलेली असेल तर ती केव्हाही येते आणि आपली बोटं तेव्हा सुईखाली असतात. पिन काढल्यावर उजवीकडचं चाक हाताने हळू आपल्याकडे फिरवून बघा. पुढचं सगळं या चाकावरूनच कळतं.

चाक फिरतं, सुईही वरखाली होते, पण मोटर चालत नाही, तर मशीन ठीक आहे, दोष विजेकडे आहे. त्याच बोर्डात मोबाइलचा चार्जर लावून बघा. करंट येत असेल तर पायडलची वायर कुठे दबली, तुटली आहे का ते पाहा. मोटर कधी चालते, कधी नाही, आतून ठिणग्या दिसतात, तर बहुधा कार्बन झिजलेले असतात. ते बदलणं कारागिरासाठी लहान काम आहे, लगेच नवी मोटर घ्यायची गरज नसते. मात्र जळका वास आला किंवा हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर त्या मोटरला पुन्हा पिन लावूच नका. मोटर गुणगुणते पण चाक जागचं हलत नाही, असं झालं तर पट्टा सैल झालाय का, घसरतोय का ते बघा. पट्टा फार ताणूनही बसवू नये, त्याने मोटर तापते.

चाक फिरतं पण सुई हलत नाही, याचं कारण बहुतेक वेळा हसू येण्यासारखं असतं. बॉबिन भरताना चाकाच्या मधला गोल नट आपण सैल करतो आणि नंतर आवळायचा विसरतो. तो आवळा, झालं.

आता चाक फिरतच नाही, ही खरी अडचण. इथे जोर लावायचा नाही. चाक दोन्ही हातांनी ओढलं की सुई मोडते, शटलच्या टोकाला खरवड पडते आणि मग खर्च खरोखरच वाढतो. फूट वर करा, वरचा दोरा कापा, गोधडी अलगद बाजूला घ्या, सुई काढून ठेवा. बॉबिन केस काढा, शटलची कडी उघडून शटल बाहेर घ्या. आता चाक थोडं पुढे, थोडं मागे असं हलवत अडकलेला दोरा चिमट्याने ओढा. जुन्या लुगड्यांचा भुसा तिथे कापसासारखा दाबून बसलेला असतो. तो ब्रशने झाडा, तोंडाने फुंकू नका, तो आणखी आत जातो. दात्यांवरची पट्टी काढून तिथलाही भुसा काढा. कापड पुढे सरकत नसेल, तर कारण पुष्कळदा तिथेच सापडतं.

दोऱ्याचा असा गोळा का होतो, हे एकदा समजून घेतलं की अर्धी दुरुस्ती आली. आपलं मशीन दोन दोऱ्यांचा टाका घालतं. अमेरिकेतल्या इलायस होवे यांनी 1846 साली अशा टाक्याच्या मशीनचं पेटंट घेतलं होतं, आणि मूळ रीत आजही तीच आहे. सुई खाली जाऊन जराशी वर येते, तेव्हा तिच्या पाठीशी दोऱ्याचा छोटा फास तयार होतो. शटलचं टोक तो फास पकडून खालच्या दोऱ्याभोवती फिरवतं. सुई केसभर वाकली तरी टोक फास चुकवतं आणि टाका सुटतो. आणि वरच्या दोऱ्याला ताण नसेल, तर जादा दोरा खाली साचून गुंता होतो. गुंता खाली दिसतो म्हणून आपण बॉबिनला दोष देतो, पण दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. दोरा ओवताना फूट वर ठेवा. फूट खाली असेल तर ताणाच्या चकत्या मिटलेल्या राहतात आणि दोरा त्यांच्यात नीट बसत नाही. पायमशीनवर सुरुवातीला चाक उलटं फिरलं, तरी असाच गुंता होतो. म्हणून पहिला फेरा हाताने द्यावा.

गोधडीला ब्लाउजची 14 नंबरची सुई चालवू नका. 16 किंवा 18 नंबरची घ्या. सुईला एका बाजूने लांब खाच असते, दोरा त्याच बाजूने ओवायचा. सुई काचेवर ठेवून लोळवली की वाकडी आहे का ते लगेच दिसतं. काठाच्या दुमडीत थर फार वाढतात, तेवढे टाके चाक हाताने फिरवून घाला. वेळ जातो खरा, पण सुई वाचते.

दोरा कुठेच नाही आणि तरी चाक जड आहे, तर तेल वाळलेलं आहे. आपल्याकडच्या धुळीत ते चिकट होतं. खोबरेल किंवा गोडंतेल तर मुळीच घालू नये, ते डिंकासारखं घट्ट होतं. मशीनचंच पांढरं तेल प्रत्येक भोकात एक-दोन थेंब, शटलच्या वाटेवर एक थेंब, मग थोडा वेळ चाक हाताने फिरवा. नंतर चिंधीवर टाके घालून बघा, नाहीतर नव्या गोधडीवर डाग पडतात.

एवढं करूनही चाक अडलेलंच असेल, किंवा पडद्याच्या नव्या मशीनवर एखादा आकडा चमकत असेल, तर उघडत बसू नका. तो आकडा लिहून घ्या. चाक फिरत होतं का, आवाज कसा आला, वास आला का, त्या वेळी किती थर सुईखाली होते, हेही लिहा. कारागिराला फोनवर हे सांगितलं तर तो लागणारा सुटा भाग सोबत घेऊनच येईल.